नाताळची पाकवलेली फळं : घरी काय करावं, विकत काय आणावं

नोव्हेंबर लागला की क्रॉफर्ड मार्केटमध्ये काय आणि पुण्याच्या कॅम्पात काय, सुक्या मेव्याच्या दुकानांत ठरलेली मांडणी दिसू लागते. बेदाणे, काळ्या मनुका, काजूकणी आणि शेजारी पाव-पाव किलोच्या पिशव्यांत लाल, हिरवे, पिवळे चौकोनी तुकडे. वसईत, वांद्र्यात, गोव्यात घरी नाताळचा केक करणारी मंडळी ही टुटीफ्रुटी वर्षानुवर्षं नेत आली आहेत. नाताळशी फक्त केकापुरता संबंध असलेले आमच्यासारखेही आता त्या रांगेत उभे असतात. टुटीफ्रुटीच्या बाजूला चकचकीत लाल चेरी. एकदा दुकानदाराला विचारलं, "भाऊ, ही चेरी कुठली?" तो म्हणाला, "कुठली म्हणजे? चेरी ती चेरी, ताई."

टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पपईच्या चिकापासून पपेन काढतात. त्यासाठी चिरे दिलेली कच्ची फळं बाजारात फळ म्हणून चालत नाहीत, ती या धंद्याला उपयोगी पडतात. पण पेस्ट्रीवरची आणि पानातली स्वस्त लाल चेरी पुष्कळदा करवंद असते, हे तितकं माहीत नसतं. डोंगरातली काळी मैना नव्हे, कुंपणाला लावतात ती मोठी, गुलाबी-पांढरी जात. बी काढून, रंगवून, पाकवून ती चेरीच्या नावावर खपते. मला यात फसवणुकीपेक्षा हुशारी जास्त दिसते. दोन्ही फळांचा गर घट्ट असतो, पाकात विरत नाही आणि रंग छान धरतो. फक्त केकमध्ये गेल्यावर त्यांच्याकडून गोडवा आणि रंग यापलीकडे काही मिळत नाही. चव म्हणाल तर ती व्हॅनिला इसेन्सची.

मग ही फळं घरीच का करू नयेत? करता येतात. पण कशी, हे शोधायला गेलं की माणूस चक्रावतो. एक कृती सांगते, संत्र्याची सालं पाकात तासभर उकळा, झालं. दुसरी सांगते, चौदा दिवस रोज पाक काढा, आटवा, पुन्हा ओता. एक म्हणते चुन्याच्या निवळीत ठेवल्याशिवाय जमणार नाही. दुसरी चुन्याचं नावही काढत नाही. एकीत सालं तीनदा उकळून पाणी फेकायचं, दुसरीत अजिबात नाही, "सगळा अर्क जातो" म्हणून. या कृती एकमेकींना खोट्या ठरवतात असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक सगळ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. फळ कुठलं, तुकडा केवढा आणि घर कुठल्या गावात, हे त्या सांगत नाहीत, एवढीच अडचण.

आधी हा प्रकार आला कुठून, ते थोडक्यात. साखरेचे खडे करण्याची विद्या भारतातून पश्चिमेला गेली आणि अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाला पोचली. त्याआधी तिकडे मध होता. मधात फळं टिकवणं रोमन काळातही चालत असे. साखर आल्यावर सिसिली, जिनोव्हा, प्रोव्हान्स या भागांत फळं पाकवण्याचा कसबी धंदा उभा राहिला. फ्रान्सच्या प्रोव्हान्समधलं आप्त हे गाव आजही त्यासाठीच ओळखलं जातं. तिथे जर्दाळू, क्लेमेंटाइन, नासपती, कधी कधी आख्खं खरबूजही पाकवतात. भविष्यवेत्ता म्हणून प्रसिद्ध असलेला नोस्त्रादामुस त्याच प्रांतातला. त्याने 1555 मध्ये सौंदर्यप्रसाधनं आणि मुरंबे यांवर एक पुस्तक काढलं. त्याच्या भाकितांवर वाद घालणाऱ्यांनी त्याच्या संत्र्याच्या सालींकडे जरा बघायला हरकत नाही, कारण तिथे तो पुष्कळ जास्त विश्वासार्ह आहे.

पुढे ही फळं नाताळला चिकटली ती कायमची. प्रोव्हान्समध्ये 24 डिसेंबरच्या रात्री तेरा गोड पदार्थ मांडतात, त्यांत ती असतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या श्टोलन या नाताळच्या पावात संत्र्याची आणि महाळुंगाची पाकवलेली साल पडते. स्पेनमध्ये 6 जानेवारीच्या गोल पावावर लाल-हिरव्या फळांच्या फोडी रत्नांसारख्या बसवतात. मिलानचा नाताळचा गोड पाव, पानेत्तोने, तर कायद्याने बांधलेला आहे. इटलीच्या 2005 च्या आदेशानुसार पानेत्तोने म्हणवून घ्यायचं असेल तर त्यात बेदाणे आणि पाकवलेल्या लिंबूवर्गीय साली मिळून किमान 20 टक्के हव्यात. म्हणजे त्यांच्याकडे ही साल सजावट म्हणून येत नाही, पदार्थच तिच्यावर उभा असतो.

यातलं महाळुंग आपल्याला अनोळखी नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते म्हाळुंग. इटलीचा चेद्रो म्हणजे हीच जात. जाड, सुगंधी सालीचं आणि जवळजवळ रस नसलेलं हे फळ पाकवण्यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. इटलीतलं लिव्होर्नो बंदर त्याच्यासाठी प्रसिद्ध होतं. कोर्सिका आणि कलाब्रियातून महाळुंगं अर्धी कापून, पिंपांत खारवून तिथे यायची, मग खारटपणा धुऊन पाकात जायची. आपण मात्र ते पूजेत ठेवलं आणि वैद्यांच्या हवाली केलं.

आता मूळ मुद्दा. पाकात फळाचं नेमकं काय होतं? फळाच्या पेशींत पाणी असतं, बाहेर साखर. पाणी बाहेर यायला बघतं, साखर आत जायला. पाण्याचा कण लहान, तो चटकन निघतो. साखरेचा कण मोठा, तो रेंगाळतो. म्हणून कच्चं फळ एकदम घट्ट पाकात टाकलं की पाणी सुटून बाहेर येतं, पण साखर आत शिरेपर्यंत फळ आकसून चामडं झालेलं असतं. बाहेरून गोड, आतून चिवट. घरच्या पहिल्यावहिल्या प्रयत्नांचा बहुतेक वेळा हाच शेवट होतो, आणि दोष साखरेला दिला जातो.

यावर दोन उपाय, आणि दोन्ही लागतात. पहिला, फळ आधी पूर्ण मऊ शिजवायचं. शिजताना पेशींचे पडदे मोडतात आणि साखरेला वाट मिळते. हे पाण्यातच उरकायला हवं, कारण पाकात पडल्यावर फळ आणखी मऊ होत नाही. साखर त्याच्या भिंती उलट आवळून धरते. पुरणाची डाळ बोटाने दाबून बघितल्याशिवाय कोणी गूळ घालत नाही, तसंच हे. सालीचा तुकडा नखाने सहज दुभंगला पाहिजे. "पुढे पाकात शिजेल" हा भरवसा इथे उपयोगाचा नाही. दुसरा उपाय म्हणजे पाक पातळ सुरू करून हळूहळू घट्ट करायचा, म्हणजे पाणी जाण्याचा आणि साखर येण्याचा वेग जुळत राहतो.

हळूहळू म्हणजे किती, हाच सगळ्या कृतींमधला खरा वाद. त्याचं उत्तर भौतिकशास्त्रात सरळ पडलेलं आहे. साखर आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट; जाडी दहापट, तर वेळ शंभरपट. अर्ध्या सेंटिमीटरची मोसंबीची पट्टी तासाभरात पाकली, तर पाच सेंटिमीटरच्या आख्ख्या फळाला तोच हिशेब चार दिवसांवर नेतो, आणि शिवाय मध्ये साल, बी, कोय हे अडथळे. तेव्हा तासाची कृती लिहिणारी बाई आणि चौदा दिवसांची कृती लिहिणारा आप्तचा कारागीर, दोघंही खरंच बोलत आहेत. एकीपुढे साल आहे, दुसऱ्यापुढे नासपती. चौदा दिवसांच्या कृतीभोवती जो एक भक्तिभाव तयार झाला आहे, की जितके दिवस तितका अस्सलपणा, त्याला पट्ट्या आणि चौकोनी तुकड्यांच्या बाबतीत काही आधार नाही. सालीला पंधरवडा देणं म्हणजे गॅस आणि उत्साह जाळणं.

जाड तुकड्यांसाठी मात्र टप्पे पाळावेच लागतात. आपल्याकडच्या फळप्रक्रियेच्या अभ्यासक्रमांत शिकवतात ती रीत अशी : 30-40 टक्के साखरेच्या पाकापासून सुरुवात, रोज साधारण 10 टक्क्यांनी वाढवत 60 पर्यंत, मग बेताबेताने 70-75 वर. घरी मोजायचं यंत्र नसतं, तराजू पुरतो. एक लिटर पाण्यात 430 ग्रॅम साखर म्हणजे 30 टक्के, 670 ग्रॅम म्हणजे 40, एक किलो म्हणजे 50, दीड किलो म्हणजे 60, आणि 2 किलो 330 ग्रॅम म्हणजे 70. फळातून रोज पाणी सुटून पाक पातळ होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी फळ बाजूला काढून आधी पाक जरा आटवायचा, मग नवी साखर घालायची. साखरेचा थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीच्या गावात 65 टक्क्यांचा पाक 104 अंशांच्या आसपास उकळतो आणि 75 टक्क्यांचा 108 च्या. महाबळेश्वरला पाणीच 100 अंशांच्या चारेक अंश आधी उकळतं, तेव्हा तिथे हे आकडे तेवढेच खाली येतात. थर्मामीटर नसेल तर चिमटीतली तार आहेच.

शेवटचा आकडा 70 का? सत्तर टक्क्यांच्या वर बुरशी आणि यीस्ट यांना वापरायला मोकळं पाणीच उरत नाही, म्हणून. भारतीय अन्नमानकंही पाकवलेल्या फळांत एकूण साखर 70 टक्क्यांहून कमी चालवून घेत नाहीत. त्याच मानकातली आणखी एक अट घरच्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे : त्या साखरेतला किमान चौथा हिस्सा विभागलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरांचा हवा. कारण नेहमीच्या तापमानाला साधी साखर पाण्यात 67 टक्क्यांपर्यंतच विरघळून राहते. त्यापुढे गेलं की पाक साखरतो, फळावर खडबडीत कणी धरते आणि दाताखाली वाळू येते. पाक उकळताना लिंबाचा रस घातला की थोडी साखर विभागली जाते आणि ती बाकीच्या साखरेला खडा धरू देत नाही. किलोभर साखरेला दोन चमचे रस पुरतो. केकचं सामान विकणाऱ्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज साखरेच्या दहाव्या हिश्शाने घातलं तरी तेच काम होतं. मोरावळ्याला हे काही करावं लागत नाही. आवळ्याचा आंबटपणाच ते परस्पर करून टाकतो.

"कमी साखरेची", "साखरेशिवायची" अशा पाककृती हल्ली बऱ्याच दिसतात. त्या वाईट नसतात, पण त्यांतून निघतं ते सुकवलेलं फळ. ते करावं, खावं, फ्रिजमध्ये ठेवावं. नाताळपर्यंत बाहेर बरणीत टिकेल ही अपेक्षा ठेवू नये. आणि दुसऱ्या बाजूने, सत्तर टक्के साखर असलेल्या पदार्थाला पौष्टिक म्हणण्याचा सोसही सोडावा. ही मिठाई आहे, तिने मिठाईच राहावं.

आता फळागणिक. सालींमध्ये माझा कौल मोसंबीला. जालन्याकडची मोसंबी डिसेंबरात स्वस्त असते, साल गराला घट्ट, तिचा पांढरा थर बेताचा जाड, आणि पाकात राहतो तो हाच पांढरा थर. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ. पांढरं जवळपास नाहीच. तिला सुगंध फार सुंदर, पण खायला अंग नाही. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, नेमकी वेळेवर; त्यांच्या साली बारीक कापून थोडक्यात पाकवाव्या आणि मोसंबीत मिसळाव्या. सगळ्यांत राजेशाही साल पपनसाची, कोकणात ज्याला तोरंजन म्हणतात आणि गोव्यात जे चवथीच्या माटोळीला टांगतात. सेंटिमीटरभर जाड पांढरा गादीसारखा थर, तो पाकला की गोड, लुसलुशीत फोड होते. अडचणी दोन. ती साल कडू फार, आणि पपनसं गणपती-दिवाळीच्या सुमारास येऊन जातात. दुसऱ्या अडचणीवर उपाय सोपा : साल कापून फ्रीजरमध्ये टाकावी. बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात, त्यामुळे गोठवलेल्या सालीत पाक उलट लवकर शिरतो.

कडूपणाचा वादही फळाफळाचाच आहे. पपनसाचा आणि ग्रेपफ्रूटचा कडूपणा मुख्यतः नारिंजिन नावाच्या द्रव्याचा; ते गरम पाण्यात विरघळतं, म्हणून तीन-चारदा उकळून पाणी फेकलं की जातं. पहिल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकण्याची रीत आहे, ती पाळावी. मोसंबीला दोन पाणी पुरतात. संत्र्याला एकच, जास्त उकळलं तर वरच्या केशरी थरातलं सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जातं आणि मग "सगळा अर्क गेला" ही तक्रार खरी ठरते. आयात केलेल्या संत्र्यांवर मेणाचा थर असतो, सालीवर फवारेही असतात. साल खायची असेल तर फळ गरम पाण्यात ब्रशने घासून घ्यावं. जमल्यास ओळखीच्या बागेतलंच घ्यावं.

सालीचा पाक कसा होतो ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. उकडलेल्या पाव किलो पट्ट्या, 300 ग्रॅम साखर, कपभर पाणी, अर्धा चमचा लिंबाचा रस, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आंचेवर. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. पट्ट्या पाकावर तरंगत राहतात, पांढरा थर खडूसारखा मठ्ठ. मग कडेपासून तो ओलसर दिसू लागतो, जसा कागदावर तेलाचा डाग पसरतो. पाऊण तासाच्या सुमारास पट्टी चमच्यात घेऊन खिडकीकडे धरली की पलीकडचा उजेड दिसतो, आणि पट्टी पाकात बुडून राहते. तिथे आंच बंद. हलवायचं नाही, ढवळलं की कणी धरते. रात्रभर पाकातच मुरू द्यायचं, सकाळी एक कढ आणून निथळायला जाळीवर काढायचं. काठावर अजून पांढरी रेघ दिसत असेल तर ती पट्टी पाकलेली नाही, बाकी कितीही गोड लागो.

आवळ्याबद्दल मराठी स्वयंपाकघराला कोणी शिकवू नये. कार्तिकापासून माघापर्यंत आवळा असतो. उकडून पाकळ्या सुट्या करायच्या, वजनाच्या पाऊणपट साखर थराथराने घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं, सुटलेला पाक निथळून उन्हात वाळवायचं. ही आवळाकँडी म्हणजे पाकवलेलं फळच आहे, फक्त साखर कोरडी घातल्यामुळे पाक आपोआप, आवळ्याच्याच पाण्याने तयार होतो आणि टप्प्याटप्प्याची उठाठेव वाचते. ही केकमध्ये घालत नाहीत, का ते मला कळलेलं नाही. बारीक चिरून घातली तर तिची आंबट-तुरट चव मनुकांच्या गोडमिट्ट गर्दीत छान उठून दिसते. वसई-आगाशीकडच्या सुकेळीचंही तेच. राजेळी केळी उन्हात सुकवून होणाऱ्या या पदार्थाला बाहेरून साखरेचा कणही लागत नाही, आणि काळ्या केकात तिचे तुकडे खजुराच्या बरोबरीने उभे राहतात. गोव्याच्या कुस्वादातली (नाताळच्या फराळाच्या ताटातली) पेराद, म्हणजे पेरूची वडी, या घराण्यातली असली तरी तिचा गर शिजवून आटवलेला असतो. तिला ताटातच राहू द्यावं.

आलं जरूर करावं. कोवळं, रेषा न धरलेलं आलं सोलून चकत्या करायच्या आणि मऊ होईपर्यंत, चांगला पाऊण-एक तास, पाण्यात शिजवायचं, मग सालीसारखंच. आल्याला लिंबू घालायला विसरू नये. गूळ वापरायचा असेल तर तो इथे शोभतो. सालीला मात्र गुळाने मळका रंग येतो.

टुटीफ्रुटी घरी करणं सोपं आहे, मुलांना मजा येते, पण खरं सांगायचं तर चवीत विकतच्यापेक्षा फार मोठा फरक पडत नाही. पपईला स्वतःचं म्हणणंच नसतं. फरक पाडायचा असेल तर पपईचे तुकडे सालींच्या उरलेल्या पाकात पाकवावेत, म्हणजे निदान संत्र्याचा वास घेऊन येतील. रंगासाठी बिटाचा रस पुरे. चुन्याचा प्रश्न इथे येतो. आग्र्याच्या पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी टोचून चुन्याच्या निवळीत ठेवतात, कारण चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनशी बांधलं जातं आणि फोडी शिजल्या तरी कडक राहतात. कोहळा आणि पिकायला आलेली पपई यांना त्याची गरज आहे. कोवळ्या, घट्ट पपईला नाही, आणि सालींना तर मुळीच नाही. साल मऊ व्हावी म्हणून आधीच आपली धडपड चाललेली असते. निवळी वापरली तर फोडी तीन-चार पाण्यांनी धुवाव्यात. तुरटीचं पाणी जुन्या कृतींत येतं, घरी त्याची आवश्यकता नाही.

आणि चेरी विकत आणावी. हे मी आळसाने म्हणत नाही. चकचकीत लाल चेरीसाठी फळ आधी गंधकाच्या वाफेने किंवा द्रावणाने विरंजित करतात, कॅल्शियमने कडक करतात, मग रंग चढवतात, मग दिवसेंदिवस पाक. घरच्या चेरीचा रंग तपकिरी येतो, आणि तपकिरी चेरी केकवर कोणालाच नको असते. लाल रंग बहुधा एरिथ्रोसिनचा. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये त्याची खाद्यपदार्थांतली परवानगी रद्द केली आणि उत्पादकांना 2027 पर्यंत मुदत दिली. युरोपात तो मोजक्याच जागी चालतो, आणि गंमत अशी की त्या जागा म्हणजे नेमक्या या चेरी. आपल्याकडे त्याला परवानगी आहे. वर्षातून चार चेरींनी काही बिघडत नाही असं माझं मत. ज्यांना नको त्यांनी केकच्या माथ्यावर पपनसाची फोड ठेवावी. आख्खी फळंही तशीच, आप्तवाल्यांना सोपवावीत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर घरी पाकत नाही. नाजूक गराचा पाकात लगदा होतो, तिचा जॅम करावा.

एक गोष्ट विलायती कृती कधीच सांगत नाहीत, ती म्हणजे हवा. रोज थोडी साखर वाढवण्याची पद्धत थंड देशांत, डिसेंबरच्या गारठ्यात जमून आलेली. पहिले तीन-चार दिवस पाक पातळ असतो, 30-50 टक्क्यांचा, आणि अशा पाकात यीस्ट आनंदाने वाढतं. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या उबेत तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेसाळून आंबूस वास मारू लागतो. म्हणून किनाऱ्यावर दोनच मार्ग : पातेलं फ्रिजमध्ये ठेवणं, मात्र गारव्यात साखर सावकाश शिरते, तेव्हा दिवस थोडे वाढतील, किंवा दिवसातून दोनदा पाक कढवून टप्पे भराभर चढणं. वाळवण्याचंही तसंच. नागपुरात डिसेंबरची कोरडी थंडी जाळीवरच्या पट्ट्या दोन दिवसांत हाताला चिकटेनाशा करते. मुंबईत त्याच पट्ट्या हवेतली ओल ओढून आठवडाभर पाझरत बसतात. तिथे ओव्हन सगळ्यांत मंद आंचेवर दोनेक तास, दार किंचित उघडं ठेवून, मग लगेच साखरेत घोळवून बरणीत. केकातच घालायच्या असतील तर वाळवण्याची फार चिंता करू नये. किंचित चिकट पट्टी केकात ओलावा देते. चिरल्यावर तिला चमचाभर मैदा लावला की तुकडे सुटे राहतात.

वेळेचं गणित उलटं मोजावं. केक नाताळच्या आधी आठवडाभर तरी मुरायला हवा, भिजवायची फळं त्याआधी किमान दोन-तीन आठवडे. म्हणजे मनुका-बेदाणे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भिजत पडायला हवेत. पाकवलेली साल रममध्ये मनुकांसारखी महिनोन् महिने बुडवून ठेवू नये. तिची साखर रममध्ये उतरते आणि रमचा कडवटपणा सालीत. मनुका-बेदाणे आधी भिजवावेत, साल शेवटच्या दोन दिवसांत घालावी. नीट पाकलेली साल घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये सहा महिने सहज राहते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या मृग बहाराच्या संत्र्यांची सालही पाकवून ठेवली तर गणपतीपर्यंत वापरता येते, श्रीखंडात, शंकरपाळ्यांत, रव्याच्या केकात.

उरलेला पाक फेकायचा नाही हे सांगायला नको. मोसंबीचा पाक गरम केकवर ब्रशने लावायला उत्तम, त्याला चिकटपणाही असतो आणि वासही. आणखी एका घाण्याला तो चालतो, त्यापुढे कडूपणा साठत जातो. आल्याचा पाक मात्र कितीही वेळा वापरा, दर खेपेला तो जास्तच तिखट होत जातो. सर्दीच्या दिवसांत गरम पाण्यात दोन चमचे घालून प्यायला घरातली मंडळी केकाच्या आधी त्याच्याच बाटलीवर हात टाकतात.